शमशेरभाईंची पडदी

शमशेर शिकलगार हे नाव ऐकलं की वाटावं, दारात कोणी ढाल-तलवार घेऊन उभा असेल. शमशेर म्हणजे तलवार आणि शिकलगार म्हणजे तिला धार लावणारा, म्हणजे नावात शस्त्रांखेरीज काही नाहीच. प्रत्यक्षात कराडच्या मार्केट यार्डामागच्या शेडमध्ये गेलात तर बनियनवर बसलेला एक जाडजूड, गप्पिष्ट माणूस दिसेल. मांजरानं त्यांच्या डब्यातली मच्छी पळवली तर "असू दे, भूक लागली असंल" एवढंच म्हणतील. हातोडी मात्र सदा हातात. धंदा डेंटरचा, म्हणजे ठोकर बसून चेपलेले गाड्यांचे पत्रे पुन्हा सरळ करायचे.

बढाया मारण्याची हौस दांडगी. आपण ठोकलेल्या दरवाजावर हात फिरवून "सांगा बघू, कुठं लागलं हुतं?" असं गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय गाडी सोडायचे नाहीत. आणि लांबीचा भयंकर राग. लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी. "लांबी भरली की गाडी खोटं बोलायला लागती," असं म्हणायचे. कोणी घाईचं गिऱ्हाईक लांबी भरायला सांगू लागलं तर त्याला पाणी पाजून परत पाठवायचे.

या माणसाचं आमच्या घरावर किती ऋण आहे ते सांगायला मी बसले आहे. ऋण हा शब्द मी शाळेत गणित शिकवताना रोज वापरते, पण तिथं त्याचा अर्थ फक्त वजा असा आहे.

माझे वडील विष्णुपंत गुरांचे डॉक्टर. घरात आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, बाकी सगळा मुलूख डॉक्टर म्हणतो. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले तरी मसूरपासून कोरेगावापर्यंत कुणाची म्हैस अडली, कुणाचा बैल लंगडला, की यांची जुनी पांढरी फियाट निघायचीच. त्या गाडीत औषधांचा आणि गोठ्याचा असा काही मिश्र वास असायचा की माझ्या लग्नाच्या वरातीला ती वापरू नका म्हणून मी हट्ट धरला होता. आप्पांना तो वास येतच नसे. गावोगावची गुरं या गाडीला ओळखतात असं ते खरोखर मानायचे.

मग एका दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. हात हळूहळू परत आला, बोलणं तर दुसऱ्याच आठवड्यात आलं आणि आल्या आल्या आईच्या चहाला नावं ठेवू लागलं. पाय मात्र ओढतच राहिला. डाव्या पायानं क्लच दाबायचा असतो. तो काही दबेना.

आप्पा रोज सकाळी काठी टेकत अंगणात जायचे, उभ्या फियाटमध्ये बसायचे आणि तिथेच पेपर वाचायचे. आई चहा गाडीत नेऊन द्यायची. उभी राहून राहून इंजिनही जाम झालं. गावाकडनं फोन यायचे, "डॉक्टर, जरा येताय का?" आणि आप्पा म्हणायचे, "मला जमत नाही आता." त्या दिवशी ते जेवायचे नाहीत नीट. आयुष्यभर बोलावणं आलं की उठणारा माणूस, त्याला नाही म्हणायला लागतंय, हे बघणं फार वाईट होतं.

मी म्हटलं, बिनक्लचची नवी गाडी घेऊ. एका शोरूममध्ये नेलंही. आप्पा आत बसले, सगळी बटणं बघितली, बाहेर आले आणि विक्रेत्याला म्हणाले, "गाडी उत्तम आहे. कुणाला तरी नक्की द्या." हट्टीपणा आमच्यात पिढीजात आहे, पण त्यांनी जरा जास्तच घेतला होता.

अशात शमशेरभाई शेळीच्या सुजलेल्या कासेचं विचारायला घरी आले. आप्पा गाडीतच बसले होते. औषध लिहून घेतल्यावर ते जाईनात. गाडीभोवती फिरले, बॉनेट उघडून आत वाकले आणि म्हणाले, "डॉक्टर, क्लच नसल्यालं इंजिन ह्यातच बसवू की! गाडी तुमचीच, इंजिन दुसरं."

आप्पांच्या तोंडावर जो उजेड पडला तो मी झटक्यानंतर पहिल्यांदा बघितला. म्हणूनच मला राग आला. हा माणूस बोलून जाईल आणि उद्या नाही जमलं तर आम्ही काय करायचं? मी तसं तोंडावर विचारलं. शमशेरभाई म्हणाले, "ताई, रागवा तुमी. पर जरा मागनं रागवा."

धाकटा भाऊ धवल सरकारी परवानग्यांच्या मागे लागला. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नजर, हात, उजवा पाय ठणठणीत आहेत, क्लच नसेल तर चालवायला हरकत नाही. शेजारच्या गॅरेजातल्या शिवतेज मिस्त्रीनं सांगलीच्या भंगारातून एका जुन्या परदेशी गाडीचं बिनक्लचचं इंजिन शोधून आणलं. ते साखळीनं उचलून फियाटमध्ये उतरवायला लागले आणि अर्ध्यावर अडकलं. इंजिन लांब, त्याचा गिअरबॉक्स गाभण म्हशीसारखा रुंद, आणि मागे पत्र्याची भिंत.

या भिंतीबद्दल सांगायला हवं. गाडीचं इंजिन आणि आत बसलेली माणसं यांच्यामध्ये आडवा पत्रा असतो. शिकलेले लोक त्याला फायरवॉल म्हणतात. शमशेरभाई पडदी म्हणतात, घरात दोन खोल्यांमध्ये पातळ भिंत घालतात ना, ती पडदी. "तिकडं आग, हिकडं मानूस, मधी पडदी," एवढी त्यांची व्याख्या. मी इतकी वर्षं गाडीत बसले, पण पायांपुढे काय आहे हे कधी वाकून बघितलं नव्हतं.

ती जुनी पडदी त्यांनी कापून काढली. चालकाच्या जागी बसलं की समोर सरळ शेडची जमीन दिसायची. आई बघायला आली होती, ती म्हणाली, "अहो, हिचं तर तोंडच गेलं!" शमशेरभाईंनी चपलांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, एकमेकांना चिकटवले, इंजिनाभोवती बसवून बघितले. त्याला फर्मा म्हणतात. पुठ्ठ्याचा फर्मा जमला की त्यावरून पत्रा कापायचा. गिअरबॉक्सच्या रुंदीमुळे नवी पडदी आत, चालकाच्या डाव्या पायाकडे फुगवटा घेऊन येणार होती. तो फुगवटा त्यांनी पत्र्याच्या पोटाला लोखंडी ठोकळा लावून वरनं हलकी हलकी हातोडी मारत काढला. पत्रा थरथरू नये म्हणून त्यावर उभ्या सरळ नक्ष्या उमटवल्या. मग पुढचे कितीतरी दिवस, शेडमध्ये जो येईल त्याला, दूधवाल्यालासुद्धा, हात धरून त्या नक्ष्या दाखवल्या. "अख्ख्या सातारा-सांगलीत अशी पडदी न्हाई," असं म्हणायचे.

आप्पा रोज रिक्षानं शेडमध्ये जाऊन खुर्ची टाकून बसू लागले. घरी येऊन जेवायचे, पोटभर. शाळा सुटल्यावर मी त्यांना आणायला जायची.

एका संध्याकाळी मी पोचले तेव्हा शमशेरभाई गॅसवर पडदीची कड जोडत होते. आप्पा शिवतेजला कुठल्याशा वळूची गोष्ट सांगत होते. शमशेरभाईंनी एकदम नळी बंद केली, काळा चष्मा कपाळावर सारला, पुढे झाले आणि आप्पांच्या पायावरून काहीतरी झटकलं. मग तिथेच उकिडवं बसून विचारलं, "डॉक्टर, ह्या पायाला चटका कळतो का?"

"कळतो की," आप्पा म्हणाले.

"मग आत्ता ठिनगी कुठल्या पायावर पडली हुती?"

आप्पांनी दोन्ही पायांकडे बघितलं. डाव्या पायावर, चपलेच्या पट्ट्याशेजारी, एक लालबुंद ठिपका उठला होता. वळूची गोष्ट तिथेच राहिली.

झटक्यानंतर त्या पायाची संवेदनाच गेलेली होती. थंड, गरम, टोचणं, काही नाही. स्वतः डॉक्टर माणूस, त्यांनी घरी गुपचूप सुई टोचून खात्री करून घेतली होती आणि आम्हाला कुणालाच, अगदी मेंदूच्या डॉक्टरांनासुद्धा सांगितलं नव्हतं. "सांगितलं असतं तर तुम्ही चालवू दिली नसती," ते म्हणाले. मी ओरडले, "नसतीच दिली!" आणि मग मला रडूच फुटलं, कारण खुर्चीत बसलेला तो माणूस माझ्याकडे शाळेत नापास झालेल्या मुलासारखा बघत होता.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं, काम बंद. इंजिन परत सांगलीला जाऊ दे. गाडी चालवताना पाय इंजिनानं तापलेल्या पत्र्याला टेकून भाजत राहिला तरी यांना कळणार नाही, आणि अशा पायाला झालेली जखम भरता भरत नाही, हे आप्पांनीच मला गुरांच्या बाबतीत शिकवलं होतं.

शमशेरभाई हात पुसत म्हणाले, "ताई, डॉक्टरचा पाय झोपलाय. घरात झोपल्याल्या मानसावर आपन पांघरून घालतो. त्याला घराबाहेर काढतो व्हय?"

मेंदूच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. ते आधी आप्पांवर चिडले, मग म्हणाले की चालवायचं काम उजव्या पायाचं आहे, डावा नुसता बाजूला ठेवायचा आहे, पण त्याला इजा होणार नाही याची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी. मी हे शमशेरभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "मी घेतो. आनि मी सांगीन तवाच डॉक्टर गाडीत बसतील. तंवर हट्ट करायचा न्हाई, डॉक्टर, तुमाला सांगतोय." आप्पांनी मान डोलावली. कुणी दमात घेतलेलं त्यांनी असं मुकाट्यानं ऐकलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

आता पडदी तापते की नाही हे कसं ठरवायचं? शिवतेज म्हणाला, तापमान मोजायचं यंत्र मिळतं. शमशेरभाईंनी ते आणायला सांगितलं, पण म्हणाले, "यंत्र आकडा सांगंल. पायाला सोसतंय का न्हाई ते पायच सांगंल." मग इंजिन बसवलेली, रंग न दिलेली ती फियाट घेऊन ते स्वतः निघाले. उजव्या पायात चप्पल. डावा पाय अनवाणी, पडदीच्या फुगवट्याला टेकवलेला. आप्पांचा पाय जिथे राहणार तिथे.

दिवस साखर कारखान्यांच्या गळिताचे. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. लोक ट्रॉली दिसली की ओलांडायला बघतात, हे मुद्दाम तिच्या मागे रांगत राहिले, कारण गाडी हळू चालली की वारा लागत नाही आणि इंजिन जास्त तापतं. मागून लोक हॉर्न वाजवून शिव्या देत होते म्हणे. असे ते कोरेगावावरून आदर्कीचा घाट उतरून फलटणला गेले आणि तसेच परत आले.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेले तर शमशेरभाई नाहीत. शेडला लागूनच असलेल्या घराच्या दारात त्यांची बायको झुबेदाभाभी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "आत हाईत. रुसल्यात."

"कुणावर?"

"पत्र्यावर."

आत गेले तर खाटेवर पाय पसरून बसलेले, डाव्या तळव्याला मोठा फोड. मला बघून पाय चादरीखाली घेतला. साऱ्या सातारा-सांगलीत नसलेली ती पडदी तापली होती. फोड येतोय हे कळल्यावर पाय बाजूला का नाही घेतला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "डॉक्टरनं घेतला असता का?"

त्या क्षणी मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, आपल्याला अशा गोष्टी वेळेवर करता येत नाहीत. घरी जाऊन आईला सांगितलं, तर तिनं कैलासजीवनाची डबी आणि गूळपोळ्या पाठवल्या.

पुढची वाट झुबेदाभाभींनी दाखवली, आणि ती दाखवताना नवऱ्याला चार शब्दही सुनावले. "आवं, चुलीमागं भिंत काळी हुती म्हनून पत्रा लावतो आपन. पार चिकटवून लावला तर भिंत तापतीच की. मधी बोटं जातील एवढी जागा सोडायची. एवढं बी कळंना व्हय?" शमशेरभाई उठले आणि लंगडत शेडमध्ये गेले.

त्यांनी ती नक्ष्यांची पडदी उपसून काढली. किती जीव होता तिच्यावर! नवी केली ती दुहेरी. इंजिनाकडे एक पत्रा, पायाकडे दुसरा, मध्ये मोकळी जागा आणि त्यात न जळणाऱ्या कापडाचा थर. वायरी आणि नळ्या जिथून आत येतात त्या भोकांना रबरी कडी. धूर सायलेन्सरकडे नेणारा पाइप होता, तो शिवतेजनं पायापासून लांब वळवून घेतला. या खेपेला दूधवाल्याला कोणी काही दाखवलं नाही.

फटी बघायची त्यांची रीत अजब होती. बॉनेटखाली एका वाटीत निखारे ठेवून त्यावर ऊद घातला, बॉनेट मिटलं आणि स्वतः काचा बंद करून आत बसले, नाक पडदीला लावून. आत वास आला तर फट आहे. नेमकी आमची आई तेव्हा आली. उदाचा धूर बघून तिला वाटलं, गाडीची काहीतरी शांत चालली आहे. तिनं आदबीनं चपला काढल्या आणि रिक्षावाल्याला पाठवून नारळ मागवला. शमशेरभाई घामाघूम होऊन बाहेर आले तर समोर आई नारळ घेऊन उभी. त्यांनी काही उलगडा केला नाही. नारळ दोन्ही हातांनी घेतला, "चांगलं केलंसा वैनी," म्हणाले, आणि झुबेदाभाभींनी त्याची चटणी करून आम्हालाच डबा पाठवला.

मग पुन्हा तोच रस्ता, तोच अनवाणी पाय, त्याच ट्रॉल्या. मी शाळेतून थेट शेडवर जाऊन बसले होते. गाडी आली. शमशेरभाईंनी दार उघडलं, उतरायच्या आधी डावा पाय बाहेर काढला आणि तळवा माझ्यासमोर धरला. भेगाळलेला, धुळीनं माखलेला, जुन्या फोडाची साल निघालेला तळवा. नवीन काही नाही. "बघा ताई," ते म्हणाले, "नीट बघा. तुमी गनिताच्या बाई." मी खरोखर वाकून नीट बघितला.

आप्पांचं पहिलं बोलावणं हरणाबाईंचं आलं. मसूरच्या पुढे त्यांची वस्ती, एकटी बाई आणि एक म्हैस. व्याल्यावर म्हशीची वार बाहेर पडली नव्हती म्हणून घाबरून फोन केला होता. आप्पा फोनवर म्हणाले, "येतो." एवढाच शब्द. आई ओट्याशी उभी होती, तिनं पदर डोळ्यांना लावला.

मी मागच्या सीटवर बसले. मला वाटलं होतं, ते घाबरतील. पण गाव ओलांडेपर्यंत ते खड्ड्यांना शिव्या द्यायला लागले आणि माझा जीव भांड्यात पडला. डावा पाय पडदीपाशी निवांत ठेवलेला होता. हरणाबाई रस्त्यावरच उभ्या होत्या. गाडी बघितल्यावर त्या गोठ्याकडे तोंड करून म्हशीलाच ओरडून म्हणाल्या, "आलं गं बाई, डॉक्टर आलं!" आप्पांनी मला पिशवी धरायला लावली, हरणाबाईंना गरम पाणी आणायला लावलं, आणि काठी गोठ्याच्या खांबाला टेकवून ते कामाला लागले. म्हैस वाचली. हरणाबाईंनी शेंगा दिल्या, त्या गाडीत सांडल्या आणि वासात आणखी एक भर पडली.

परत आलो तर आमच्या फाटकाशी शमशेरभाई उभे. कधीपासून उभे होते कोण जाणे. आई आणि झुबेदाभाभी कट्ट्यावर बसल्या होत्या. गाडी थांबली न थांबली तोच ते पुढे झाले, चालकाचं दार उघडलं आणि खाली उकिडवे बसले. आप्पा आईला म्हशीची हकीकत सांगण्यात गुंग. शमशेरभाईंनी त्यांची डावी चप्पल काढली आणि पायावर तळहात ठेवला. आप्पांना पत्ताच नाही. आईनं म्हटलं, "अहो, खाली बघा तरी."

आप्पांनी बघितलं. पायाशी वाकलेलं शमशेरभाईंचं डोकं दिसलं. ते घाईघाईनं म्हणाले, "असू दे रे, असू दे. सुखी राहा," आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"आवं डॉक्टर," शमशेरभाई खालूनच म्हणाले, "पाया न्हाई पडत. पाय बगतोय."

झुबेदाभाभी एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. आईही हसली, मीही हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "कसा आहे?"

"गार हाय. लय गार हाय."

आप्पांनी डोक्यावरचा हात काढला नाही. "मग दिलेला आशीर्वाद मी परत घेत नाही," ते म्हणाले. शमशेरभाईंनीही पायावरचा हात काढला नाही. तो हात आप्पांना कळत नव्हता, म्हणून ते वाकून नुसते बघत राहिले.